मु. पो. फ्रान्स

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आकाशातल्या सॅटेलाइटला कुणाचाच पत्ता माहीत नसतो. तो बिचारा अचूक वेळ सांगत पृथ्वीभोवती फिरत असतो, बस्स. निदान चार सॅटेलाइट्सचे सिग्नल मिळाले की आपण नेमके कुठे आहोत, ते गाडीतलं यंत्र गणित करून काढतं. अमुक गल्ली, तमुक घर ही भानगड असते त्या यंत्रात भरलेल्या नकाशात. थोडक्यात काय, तर आपण कुठे आहोत हे यंत्राला कळतं, पण कुठे जायचंय हे आपल्यालाच नीट सांगावं लागतं. आणि फ्रान्समध्ये ते नीट सांगणं हे चक्क एक स्किल आहे. रेझ्युमेवर टाकण्याइतकं!

आपल्याकडे पत्ता म्हणजे गप्पा असतात. ‘डेअरीच्या समोरच्या गल्लीत ये, पोचलीस की मिस्ड कॉल दे.’ प्रोजेक्टसाठी आठ महिने मी लीलला होते, उत्तर फ्रान्समध्ये. तिथे मिस्ड कॉलवर खाली उतरून हात हलवणारं कुणी नव्हतं. होती फक्त भाड्याची गाडी आणि तिच्यातली ती इंग्रजी बोलणारी बाई. फ्रेंच रस्त्यांची नावं ती अशा काही थाटात उच्चारायची, की नावाची पाटी समोर असूनही ओळखू येऊ नये. नागपूरचा माझा एक सहकारी तिला ‘वहिनी’ म्हणायचा. ‘वहिनी रागावल्या, यू टर्न घे.’

पहिला धडा मिळाला क्लायंटच्या ऑफिसच्या पत्त्यावर. ईमेलमधल्या पत्त्याच्या शेवटी लिहिलं होतं ‘सेदेक्स’. तो कोड टाकला, तर वहिनींनी असं ठिकाणच नाही म्हणून हात वर केले. बरोबरच होतं त्यांचं. सेदेक्स हे गावही नाही आणि पेठही नाही. ज्या कंपन्यांना, सरकारी ऑफिसांना ढिगानं टपाल येतं, त्यांच्यासाठी फ्रेंच पोस्टानं ठेवलेली ती खास सोय आहे. त्या कोडवर पत्र पोचतं, माणूस नाही.

मग पोस्टकोड. पाच आकडी. पहिले दोन आकडे म्हणजे देपार्तमाँचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचा नंबर. 75 म्हणजे पॅरिस, 59 म्हणजे लील ज्यात येतं तो नॉर, 62 म्हणजे शेजारचा पा-द-काले. हे पाठ केलं की निम्मी लढाई जिंकली. पण निम्मीच हं! ब्रिटनमधला पोस्टकोड तुम्हाला मोजक्या घरांपाशी नेऊन सोडतो. फ्रान्समध्ये एकाच कोडखाली कितीतरी गावं नांदत असतात. त्यामुळे नुसता कोड टाकून निघालेला माणूस भलत्याच गावच्या चर्चसमोर उभा राहतो.

घराच्या नंबरांची वेगळीच मजा. 12 नंतर 12 बिस, मग 12 तेर. आपलं 12 अ, 12 ब असतं ना, तसंच. यंत्रात नुसतं 12 टाकलं तर दार शेजारचं. खेड्यात मात्र एखाद्या घरावर 1250 नंबर दिसतो. रस्त्यावर घरं मोजून सात! कारण अनेक गावांत नंबर म्हणजे रस्ता सुरू होतो तिथपासूनचं अंतर, मीटरमध्ये. एकदा हे कळलं की गाडीच्या मीटरकडे बघून घर सापडतं, वहिनींची गरजच नाही. पॅरिसमध्ये तर 1805 पासून नंबरांचा कारभार सीन नदीकडे आहे. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्याचे नंबर नदीच्या बाजूनं सुरू होतात, नदीला समांतर असेल तर प्रवाहाच्या दिशेनं वाढतात.

आणि नावं? चर्चचा रस्ता जवळजवळ गावोगावी. जनरल द गॉल जिकडे तिकडे. शिवाय तारखांचे रस्ते, म्हणजे ‘8 मे 1945’, ‘11 नोव्हेंबर’ वगैरे. तेव्हा आधी गाव पक्कं करायचं आणि मग रस्ता. उलटं केलंत तर तुमचा रस्ता सापडतो, फक्त सहाशे किलोमीटर लांब.

हे सगळं अंगवळणी पडत होतं आणि एका रविवारी आजीचा फोन आला. वय वर्षं नव्वद. मला वाटलं नेहमीचंच, जेवलीस का, थंडी किती. पण ती म्हणाली, ‘तू फ्रान्सात आहेस ना? मग आमच्या थोरल्या काकांचा पत्ता बघ.’

आजीच्या वडिलांचे थोरले भाऊ खडकीच्या सॅपर्समध्ये होते. 1914 साली बोटीनं गेले ते परत आलेच नाहीत. घरी सरकारी कागद आला, त्यावर देशाचं नाव एवढाच पत्ता. ना गाव, ना तिथी. म्हणून आजीच्या माहेरी त्यांचं पान सर्वपित्रीला ठेवायचे, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्या रांगेत. तिच्या लहानपणापासून तेच चाललेलं.

त्या रात्री कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत शोधत बसले. बॉम्बे सॅपर्सचं घर आजही खडकीला आहे. त्या काळी त्यांचं नाव होतं थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. काकांचं नाव इंग्रजी स्पेलिंगनं पार वाकडंतिकडं झालेलं, पण वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, सातारा जिल्हा बरोबर. पुढे तारीख, 28 ऑक्टोबर 1914. आणि ठिकाण, नव शापेल मेमोरियल. लीलपासून वीस-पंचवीस किलोमीटर! आठ महिन्यांतले पाच मी त्यांच्या इतक्या जवळ राहिले होते.

शनिवारी निघालो, मी आणि नागपूरकर. यंत्रात ‘नव शापेल’ टाकलं. वहिनींनी मुकाट्यानं सपाट शेतांमधून नेलं आणि एका छोट्याशा गावात जाहीर केलं, की तुम्ही मुक्कामी पोचलात. विटांची घरं, चर्च, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मेमोरियलचा पत्ताच नाही!

कारण ते त्या गावात नाहीच. नाव नव शापेलचं, पण जागा रिशबूर या शेजारच्या गावाच्या हद्दीत. आता यंत्रात रिशबूर टाकावं, तर फ्रान्समध्ये रिशबूर तीन. एक इव्हलिनमध्ये, एक ओत-मार्नमध्ये आणि एक इथलं. आणि हे इथलंसुद्धा 1971 मध्ये दोन वेगवेगळी रिशबूर एकत्र करून झालेलं. पाठ केलेला 62 तिथे कामाला आला. ला बासेहून एस्तेरला जाणारा डी 947 रस्ता, त्यावरचा चौक. ब्रिटिश सैनिकांनी त्या चौकाला पोर्ट आर्थर नाव दिलं होतं. फ्रेंच नाव ‘ला बोंब’. म्हणजे बॉम्ब. नागपूरकर हसला, मग एकदम गप्प झाला.

गावापासून जेमतेम 800 मीटर. वर्तुळाकार भिंत, दगडी जाळी, पंधरा मीटरच्या आसपास उंच खांब, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ. बांधकाम हर्बर्ट बेकर यांचं, ज्यांनी दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक उभे केले. उद्घाटन 1927 चं. ज्यांची कबर कुठेच सापडली नाही अशा 4,700 हून जास्त हिंदी सैनिकांची आणि कामगारांची नावं भिंतीवर आहेत, पलटणीप्रमाणे. त्यामुळे सॅपर्सचा भाग सापडायला वेळ लागला नाही. वाकड्यातिकड्या स्पेलिंगमधले आमचे काका तिथे होते. मी बोट ठेवलं. दगड गार होता.

मग तिथली माहिती वाचताना लक्षात आलं. 28 ऑक्टोबर 1914 ला सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर नव शापेल गावात घुसल्या होत्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं त्या दिवशी बंदुका घेऊन घराघरांतून लढली. गाव हातात आलं आणि प्रतिहल्ल्यात पुन्हा गेलंही. म्हणजे वहिनींनी आम्हाला जिथे उतरवलं होतं, त्या चर्चच्या आसपासच कुठेतरी काका राहिले. नावाचा पत्ता इथे आणि माणसाचा पत्ता तिथे.

परतताना आम्ही पुन्हा त्या गावात थांबलो. यंत्र बंद करून.

फ्रान्सनं 2022 मध्ये कायदा केला, की दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावांनीसुद्धा प्रत्येक रस्त्याला नाव आणि घराला नंबर द्यायचा आणि ती माहिती राष्ट्रीय पत्ता कोशात भरायची. तोवर कितीतरी खेड्यांत नुसतं वस्तीचं नाव हाच पत्ता असायचा. ॲम्ब्युलन्सला घर सापडायला हवं, हे त्यामागचं एक साधं कारण. ते वाचून मला वाटलं, पत्ता ही गोष्ट आपण पिझ्झावाल्यासाठी असते असं धरून चालतो. खरं तर कुणीतरी आपल्यापर्यंत पोचावं, यासाठी असते ती.

आजीनं फोनवर तारीख दोनदा म्हणून घेतली. गुरुजींना जुनं पंचांग काढायला लावलं. ‘दिवाळी नुकतीच झालेली होती गं,’ एवढंच बोलली. या पितृपक्षात काकांचं पान त्यांच्या स्वतःच्या तिथीला ठेवलं, 1914 नंतर पहिल्यांदाच.

तेव्हा ऑनसाइटला पॅरिस किंवा लील वाट्याला आलं, तर एक शनिवार मोकळा ठेवा. यंत्रात नव शापेल टाकू नका. रिशबूर टाका, आणि तीनपैकी 62 वालं निवडा.