सांगाड्याची वाटणी

आमच्या दादांची सायकल विकायची ठरली तेव्हा ती सायकल राहिलीच नव्हती. चाकं, पायडल, चेन, सीट, सगळं कधीच गेलं होतं. माळ्यावर टांगलेला होता तो नुसता सांगाडा आणि पुढचा चिमटा. (एक आधीच सांगून टाकतो. उर्दू शाळेत शिकवून शिकवून 'हम' जिभेवर इतकं बसलंय की मराठीतही आम्ही स्वतःला 'आम्ही'च म्हणतो. वाचकांनी त्याला रुबाब समजू नये. शिक्षकाच्या पगारात रुबाब बसत नाही.)

दादा म्हणजे अब्बांचे वडील. दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या कित्येक पुरुषांसारखे तेही बोटीवर होते, इंजिनखात्यात आगवाले. १९६२ साली बोट लंडनजवळच्या टिलबरी गोदीला लागलेली असताना त्यांनी ही जुनी रेसिंग सायकल घेतली आणि मुंबईला उतरवली. बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्या माणसाला रेसिंग सायकल कशाला हवी होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. १९८७ साली ते गेले, तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता. पुढे अब्बांनी ती काही वर्षं चालवली. पण तिचे २७ इंची अरुंद टायर इकडे मिळेनात, आणि जांभ्याच्या वाटेवर टिकेनात. मग ती माळ्यावर गेली. तरी दर पावसाळ्याआधी अब्बा होडीला लावायचं माशाचं तेल तिच्या नळ्यांत ओतायचे. घरात त्या वासावरून वाद व्हायचा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराची कौलं गेली. दुरुस्ती तुकड्यातुकड्यानं चालली आणि शेवटी माळा रिकामा करायची वेळ आली. भंगारवाल्यानं सांगाडा काट्याला लावला. चिमट्यासकट तीन किलोही भरेना. "सर, तीस रुपये किलोनं नव्वदच्या आतच बसतंय," तो म्हणाला, "दूधवाल्याची काळी सायकल असती तर वजन तरी आलं असतं."

त्या वाक्यानं आम्ही थांबलो. तेवढ्याच मापाचा सांगाडा इतका हलका कसा? चिंध्यांनी पुसल्यावर निळ्या ऑइल पेंटखाली (तो अब्बांनी होडीचा उरलेला लावला होता) सीटच्या नळीवर एका चिकटपट्टीचा अर्धा ठसा दिसला. त्यात ५३१ हा आकडा होता. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनं १९३५ साली काढलेल्या, मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाचं हे नाव. या नळ्या टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड असतात आणि मध्ये पातळ. ती युक्ती त्या घराण्यानं १८९७ सालीच पेटंट केली होती. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या कित्येक सायकली याच नळ्यांच्या होत्या. सायकलवाल्याच्या लेखी जो तिचा गुण, तोच भंगाराच्या काट्यावर तोटा.

पुण्याच्या एका तरुण इंजिनिअरनं फोटो पाहून वीस हजार रुपये देऊ केले. पण त्यानं खात्री मागितली. ठसा काय, कुणीही चिकटवू शकतो. सीटच्या नळीचं आतलं माप सांगा, म्हणाला. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर आणून आम्ही ते मोजलं. २७.२ मिलिमीटर. ते ऐकून त्याचा आवाज बदलला, आणि तेव्हा आम्हाला समजलं की माल खरा आहे.

दुसरी परीक्षा दोऱ्याची. मागचं चाक जिथे बसतं त्या एका खाचेला दोरा बांधायचा, पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणून ताणायचा. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सरळ सांगाड्यात ते सारखं येतं. हे काम आम्ही सहावीच्या पोरांकडून वर्गातच करून घेतलं. त्या दिवशी भूमितीच्या तासाला कुणी पाणी प्यायला बाहेर गेलं नाही. चार वेळा मोजलं, चारही वेळा दोन मिलिमीटरचा फरक आला. वरच्या दांडीला एक पोचाही होता, जो फोटोत दिसत नव्हता. दोन्ही ऐब आम्ही फोनवर सांगितले. पोलाद न तापवताही हळूहळू वाकवून सरळ करता येतं, असं तो म्हणाला आणि अठरा हजारांवर आला. एका रविवारी ताम्हिणीतून गाडी घेऊन आला, सांगाड्याच्या नळीला नाक लावलं आणि मोठ्यानं हसला. आत गंजाचा कण नव्हता.

पैसे अब्बांच्या हातात दिले. त्यांनी मोजले, बाजूला तीन ढीग केले, दोन आपल्याकडे ओढले आणि एक आमच्यापुढे सरकवला.

"हे फुफीचे."

दादांच्या मागे उरले ते दोघंच, अब्बा आणि फुफी. मुलाचे दोन, मुलीचा एक, हा हिशेब आम्ही मुलांना शिकवतोही. पण माळ्यावरच्या सांगाड्याला तो कधी लावला नव्हता. भंगारवाल्याच्या हिशेबानं फुफीचे तीस रुपयेसुद्धा झाले नसते. तीस रुपयांसाठी चिपळूणला कोण जातं?

सहा हजार घेऊन आम्ही चिपळूणला गेलो. आम्हाला वाटलं होतं, फुफी म्हणेल, राहू दे, भाईलाच ठेव. आपल्या बायका तसंच म्हणतात, आणि तसंच म्हणाव्यात अशी आपली अपेक्षाही असते. फुफीनं चष्मा लावून नोटा दोनदा मोजल्या आणि बटव्यात ठेवल्या. मग चहा टाकायला उठली.

"मी पण शिकले होते ती सायकल," आतून म्हणाली. "मागच्या अंगणात. दादा सीट धरायचे. गुडघा फुटला तेव्हा अम्मीनं बंद केलं."

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दादांनी ती कुणासाठी आणली असेल, हा प्रश्न पहिल्यांदाच मनात आला.

कप पुढे ठेवून फुफीनं विचारलं, "सायकलचा हिस्सा आला. कलमांचा कधी येणार?"

आवाज साधाच होता. दादांची आंब्याची कलमं सातबाऱ्यावर एकट्या अब्बांच्या नावावर आहेत. फुफीनं माफ केलंय, असं घरात लहानपणापासून ऐकतो. तिला कुणी आणि कधी विचारलं, ते कुणालाच सांगता येत नाही. वादळात पडलेल्या झाडांची भरपाई आली तीही अब्बांच्याच खात्यात.

चहा आम्ही कसाबसा संपवला.

रात्री अब्बांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. इशाच्या नमाजनंतर पडवीत येऊन बसले. आम्हाला वाटलं, आता रागावतील.

"ट्रंकेतला सातबारा काढ," ते म्हणाले. "आणि फुफीला फोन लाव. आधारवर तिचं नाव कसं लिहिलंय, ते विचारून घे."