ताईचा वाटा

घरात दुसरे बाळ आले की पाच वर्षांची मुलगी एका रात्रीत ‘ताई’ होते. कालपर्यंत तिला घास भरवणारी आई आज म्हणते, “बाळाकडे लक्ष दे. तू मोठी ना?” हे ‘तू मोठी ना’ मग जन्मभर तिची पाठ सोडत नाही. शाळेत जाताना धाकट्याचे दप्तर तिच्या खांद्यावर. लाडवातला मोठा तुकडा त्याचा, आणि त्याने फोडलेल्या कपाबद्दलची बोलणी मात्र तिला!

वडिलांचे छत्र हरपले तर ताईचे बालपणच संपते. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले, तेव्हा थोरल्या लताला तेरावे वर्ष चालू होते. पाठीवर मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही चार भावंडे. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात तोंडाला रंग लावून उभी राहिली. अभिनयाची तिला मुळीच आवड नव्हती, पण घरची चूल पेटायला हवी होती. सगळ्या देशाच्या लतादीदी त्या पुढे झाल्या. आधी त्या या चौघांच्या दीदी होत्या.

अशा ताया आजही कितीतरी घरांत आहेत. भावाची फी भरता यावी म्हणून त्या स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरतात, धाकट्या बहिणींची लग्ने उरकेपर्यंत स्वतःचे लांबणीवर टाकतात. पुढे वडिलांच्या मागे वाटणीची वेळ येते आणि त्याच ताईपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. “ताई, तुला काय कमी आहे? कर सही!”

२००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे. हे ताईला ठाऊक असते. तरीही माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते. आनंदाने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण मागितला तर तो लोभ कसा?

भाऊबीजेला ओवाळणीत साडी घालणाऱ्या भावाने कागद पुढे करण्याआधी एकदा विचारावे, “ताई, तुला काय हवंय?” कदाचित ती काहीच मागणार नाही. पण पाचव्या वर्षी ताई झाल्यापासून हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेला असेल.