पिवळी पिशवी

मागच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी सहा आठवडे जर्मनीत होते. फिरायला नव्हे, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला. श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात ती राहते. तिचे मिस्टर तिथे इंजिनिअर आहेत. अम्मीला आता एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा बॅगेत भरून मीच गेले.

पोचल्यावर बहिणीने बाळ दाखवलं आणि त्यानंतर लगेच कचरा दाखवला. मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. सिंकखाली चार डबे होते. भाज्यांची सालं, चहाचा चोथा एकात. तो खाली अंगणातल्या तपकिरी डब्यात जातो आणि त्याचं खत होतं. काही ठिकाणी त्यातून गॅसही काढतात. कागद दुसऱ्यात. प्लास्टिकची वेष्टनं, डबाबंद वस्तूंचे पत्र्याचे डबे, दुधाची खोकी हे सगळं पिवळ्या पारदर्शक पिशवीत. जे कशातच बसत नाही ते चौथ्यात. काचेच्या बाटल्या घरात ठेवायच्या आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या टाक्यांत नेऊन टाकायच्या. तिथेही पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळी. रविवारी टाकायची नाही, कारण खळकन आवाज होतो आणि लोकांची सुट्टी मोडते. दह्याच्या डबीचं पातळ ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण ओढून वेगळं करायचं, नाहीतर यंत्राला ते दोन पदार्थ ओळखता येत नाहीत. डबी धुवायची गरज नसते, चमच्याने निपटली की पुरे. बहीण मात्र धुतेच.

यामागचा हिशेब मला आवडला. चौथ्या डब्याचे पैसे घरमालक-भाडेकरू भरतात. डबा जितका मोठा आणि जितक्या वेळा उचलायचा तितके जास्त. पिवळ्या पिशवीचे पैसे त्यांना वेगळे भरावे लागत नाहीत. 1991 साली तिथे नियम झाला की ज्याने वेष्टन बाजारात आणलं, त्याच्या विल्हेवाटीचा खर्चही त्यानेच सोसायचा. अर्थात कंपन्या तो किमतीत लावतातच, बिस्किटं घेताना आपणच देतो. पण कचरा वेगळा केला की चौथा डबा लहान लागतो, हे घरातल्या बाईला बरोबर कळतं. 2005 पासून तर घरातला कचरा प्रक्रिया केल्याशिवाय नुसता नेऊन डेपोत ओतायला बंदीच आहे. आधी तो जाळतात, त्यावर वीज आणि घरं तापवायची ऊब मिळवतात. आपल्याकडचे कचऱ्याचे डोंगर आणि उन्हाळ्यात त्यांना लागणाऱ्या आगी मला आठवल्या.

आता माझ्या चुकीची गोष्ट. बाळाचे डायपर प्लास्टिकचे दिसतात, म्हणून आठवडाभर मी ते पिवळ्या पिशवीत टाकले. गाडी आली, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन गेली. आमची तेवढी तिथेच राहिली, तिच्यावर एक स्टिकर. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ दारात आले. रागावले नाहीत. दोनच वाक्यं बोलले आणि गेले. बहिणीचा चेहरा पडला होता.

"काय म्हणाले?"

"काही नाही. डायपर चौथ्या डब्यात म्हणाले." मग थोड्या वेळाने, "बाजी, या जिन्यात आपण एकटेच बाहेरचे आहोत. दुसरं कुणी चुकलं तर ते चुकलं. आपण चुकलो तर 'ती माणसं' चुकतात."

त्या भागात जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडायची पाळी आठवड्याने फिरते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. बहीण बाळंतपणाच्या आधीच्या दिवसापर्यंत झाडत होती. का, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

बाळ झोपल्यावर मी ती पिशवी बाल्कनीत घेतली, हातमोजे घातले आणि उपसायला बसले. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी बघतच नाहीये. हात आपोआप चालले होते. हा पत्रा, हे ॲल्युमिनियम, हे चुरगळलं की कडकड वाजणारं प्लास्टिक, हे मऊ.

हे मला कुणी शिकवलं ते सांगायला हवं. आमचे अब्बा मिरजेत हातगाडीवर भंगार गोळा करायचे. संध्याकाळी गाडी अंगणात रिकामी व्हायची आणि आम्ही भावंडं निवडायला बसायचो. अब्बांकडे दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक होतं. चिकटलं ते लोखंड. चिकटलं नाही तर कानशीने घासून आतला रंग बघायचा, पितळ की तांबं. रद्दीतून वह्यांची कोरी पानं आमच्यासाठी बाजूला निघत. त्याच पैशांवर मी बी.एड. झाले.

आणि शाळा-कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं. अब्बांच्या इंतकालानंतर धाकटीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या बायोडाटात 'मेटल ट्रेडिंग' असं लिहिणारीही मीच. आज वर्गात मुलांचे फॉर्म भरून घेताना एखादं पोर त्या रकान्यापाशी अडखळतं, तेव्हा मी मान खाली घालून पुढचा फॉर्म घेते.

पुढच्या शनिवारी बहिणीचे मिस्टर एक जुनं लोखंडी शेल्फ आणि बिघडलेला मिक्सर टाकायला निघाले, मीही गेले. गावाबाहेर मोठं आवार, रांगेने उघडे कंटेनर. लाकूड, लोखंड, झाडांच्या फांद्या, पुठ्ठा, विजेच्या वस्तू. शिडी चढून आपण स्वतः टाकायचं. नारिंगी कपड्यांतला एक कर्मचारी फिरत होता. एका भल्या मोठ्या गाडीतून उतरलेल्या साहेबाने गादी लावलेली खुर्ची लाकडात टाकली. कर्मचाऱ्याने नुसतं बोट केलं. साहेब परत शिडी चढला, वाकला, खुर्ची बाहेर काढली. ना वाद, ना आवाज. मी बघतच राहिले. अब्बांना बंगल्याच्या फाटकाबाहेर उभं राहावं लागायचं.

माझा स्कार्फ बघून त्या कर्मचाऱ्याने सलाम केला. तुर्की होता. जर्मनीने तुर्कस्तानातून कामगार आणायचा करार 1961 साली केला. त्याचे वडील 1970 च्या सुमारास आले आणि आयुष्यभर कचऱ्याच्या गाडीमागे धावले, असं तो म्हणाला. मिस्टर मध्ये दुभाषे. मी म्हटलं, "माझ्या वडिलांचंही हेच काम होतं, सांगा त्यांना."

त्यांनी सांगितलं. त्यात 'मेटल' हा शब्द मला ऐकू आला.

"तसं नाही," मी म्हटलं. "हातगाडी म्हणा. दारोदार."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं. कर्मचाऱ्याने छातीवर हात ठेवला. मिक्सर कुठे टाकायचा ते दाखवलं आणि जाताजाता हसून काहीतरी बोलला. मिस्टरांनी सांगितलं, "म्हणतो, तुमची पिवळी पिशवी माझ्याआधी माझ्या गावी पोचते."

ते विनोदाने होतं, पण खोटं नव्हतं. 2018 मध्ये चीनने बाहेरचा प्लास्टिक कचरा घेणं बंद केलं, तेव्हापासून युरोपातलं पुष्कळ प्लास्टिक तुर्कस्तानात जातं. अदाना शहराच्या आसपास रस्त्याकडेला युरोपातल्या दुकानांची वेष्टनं जळताना सापडली आहेत. आणि खुद्द जर्मनीतही वाकणारं कुणीतरी उरतंच. तिथे पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. स्टेशनवर नीटनेटक्या कोटातली एक आजी टॉर्च लावून कचरापेटीत बाटल्या शोधताना मी रोज बघायचे. काही लोक बाटली पेटीत न टाकता पेटीच्या खाली उभी करून ठेवतात, तिला हात घालावा लागू नये म्हणून. ही रीत मी लगेच उचलली. आजी वर बघत नसे. अब्बाही ओळखीच्या गल्लीत वर बघत नसत.

गाडीत मिस्टर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर बहिणीला कळलंच.

"त्यांना सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली. "तूच लिहिलं होतंस ना ते?"

"हो. मीच लिहिलं होतं."

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रात्री दोनला बाळ दूध पीत होतं, मी उशी नीट करायला उठले.

"बाजी, ते लोहचुंबक कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. शिलाई मशीनच्या खणात."

"त्याची दोरी लाल होती."

"निळी होती," मी म्हटलं.

"लाल होती, बाजी. तू तेव्हा शिकायला सांगलीला होतीस. निळी तुटल्यावर अब्बांनी लाल बांधली, मी धरली होती."