आमचे आउटलायर बाबा

पॉडकास्ट किती किलोबिटचा ठेवायचा, यावरून आमच्या टीममध्ये जाम भांडणं व्हायची. म्हटलं, लोकांनाच ऐकवू! ब्राउझरमध्ये चालणारी लिसनिंग टेस्ट बनवली, मित्र-नातेवाइकांना लिंक पाठवली. उत्तरं क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जमा. मला मासकॉमवालीला वाटलं, बटण दाबलं की निकाल हातात. कसलं काय! आधी लांबलचक जेसन फाइल उतरवा, मग प्रत्येकाची उत्तरं सुटी करून एक्सेलमध्ये मांडा, अर्धवट सोडून पळालेले बाजूला काढा. अख्खा शनिवार गेला.

या पद्धतीचं नाव ‘मुश्रा’. मूळ आवाजाशी तुलना करून प्रत्येक नमुन्याला ० ते १०० गुण द्यायचे. गंमत म्हणजे नमुन्यांत मूळ आवाजही गुपचूप घातलेला असतो. शिवाय ३.५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेला एक ‘अँकर’, जुन्या लँडलाइनवरून ऐकल्यासारखा. लपवलेल्या मूळ आवाजाला जो १५ टक्क्यांहून जास्त वेळा ९० पेक्षा कमी गुण देतो, तो हिशेबातून बाद.

नियम लावला आणि एकच ओळ बाद झाली. नाव नव्हतं. पण वयोगट साठीपुढचा, वेळ रविवारी रात्री पावणेबारा. आमचे बाबाच! मूळ आवाजाला ७०-७५, अँकरलाही तेवढेच.

आधी वाटलं, रेडिओवर पोसलेला कान आहे, चालायचंच. म्हणून एकेक क्लिप वेगळी पाहिली. जुन्या गाण्याचं समजू शकते, त्यात वरच्या पट्टीतलं फारसं काही नसतंच. पण नुसत्या बोलण्याच्या क्लिपमध्येही तेच. ‘स’, ‘श’ यांची धार असते ती नेमकी त्या कापलेल्या भागात. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेही बहुधा तिथूनच. आणि गेली दोन वर्षं बाबा आम्हाला म्हणतायत, ‘पुटपुटू नका रे, स्पष्ट बोला!’

टेस्टच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं, उत्तरं फक्त एकत्रित वापरली जातील. एका माणसाची ओळ उघडून त्याच्यापुढे ठेवणं त्यात बसत नाही. तरी ठेवली, घरात कुणी नसताना. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझं ते मशीन तपासून घे.’

पॉडकास्टचं म्हणाल तर १२८ आणि १९२ मधला फरक कुणालाच धड कळला नाही. आम्ही १२८ वर आलो. बाबांची ऑडिओमेट्री गुरुवारी आहे. येतो म्हणालेत, पण टीव्ही काही कमी केलेला नाही.