खेकडा खा, पण मादी सोडा!

पहिला पाऊस पडला की आमची गँग आसनगावला उतरते. माहुलीच्या पायथ्याशी चिंब भिजायचं आणि शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाड गाठायचं. अजेंडा एकच, खेकड्याचा झणझणीत रस्सा!

यंदा वाटेत एका मावशींच्या टोपलीतला सगळ्यात मोठा खेकडा मी उचलला. त्यांनी तो लगेच काढून घेतला. ‘‘ही नको दादा, पिल्लांची आहे. ओढ्यात सोडणार तिला.’’ उलटी करून दाखवली, तर पोटाखालच्या रुंद झडपेत इवलीइवली पिल्लं!

समुद्रातली चिंबोरी लाखोंनी अंडी घालते. ओढ्यातल्या खेकड्याची अंडी मोजकीच, पिल्लंही आईच्या पोटाखालीच वाढतात. म्हणजे एक मादी रश्श्यात गेली की अख्खं कुटुंब गेलं.

केरळच्या अष्टमुडी सरोवरात शिंपले उपसून संपायला आले, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी ते काढणंच बंद केलं. शिंपले परतले. २०१४ मध्ये तिथल्या मासेमारीला एमएससीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालं.

तेव्हा मंडळी, खेकडा उलटा करून बघा. झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. तोच घ्या. आम्हीही तेच केलं. रश्श्याच्या चवीत काडीचाही फरक नाही, बॉस!