पुसलेली हाक

यंत्रांतील दोष म्हणजे झिजलेलें चाक किंवा तुटलेली तार, अशीच आमच्या पिढीची समजूत. पाठ चुकल्यामुळेंही यंत्र आजारी पडतें, हें आम्हांस येथें सडक अर्जुनीस, घरच्या संगणकानें शिकविलें.

आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या पुढच्या. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशीं. दर रविवारीं पडद्यावर भेट होई. पण बोलतां बोलतां मुलीचें मुख एकाएकीं निश्चल होई आणि आवाज तेवढा येत राही. "भाऊजी, तिला कांहीं झालें तर नाहीं ना?" असें विचारून वहिनी त्या रात्रीं जेवीत नसत. यंत्र भंगारांत द्यावें, असें घरांत बहुमत झालें.

नातवानें मात्र पोथी उघडली. पोथीच म्हणावयाची, कारण लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीचा मूळ पाठ सर्वांस खुला आहे. चित्रफलक चालविणारा भाग, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तोही त्यांत आहे.

पडदा सेकंदांत बहुधा साठ वेळां नव्यानें रंगतो. प्रत्येक फेरीस फलक मुख्य यंत्रास हाक मारतो, हाच इंटरप्ट. हाक कशासाठीं, याची खूण फलक एका ठराविक जागीं करून ठेवतो. एकत्र कुटुंबांतील स्वयंपाकघराबाहेरची पाटीच ती! गडी पाटी वाचून बाजारांत गेला. मागाहून धाकट्या सुनेनें तीवर 'हिंग' लिहिलें. गड्यानें परत येऊन सबंध पाटी पुसली. हिंग कोणी वाचलाच नाहीं, आणि फोडणी अडून राहिली. ड्रायव्हर हेंच करी. काम उरकल्यावर सर्व खुणा पुसी. दरम्यान आलेली हाक न वाचतां जाई, आणि पुढचें चित्र तिची वाट पाहत बसे. ध्वनीचा कारभार निराळा, म्हणून आवाज चालू. हा योग क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशांत जुळावा लागे. त्यामुळें दोष कधीं तासानें दिसे, कधीं चार दिवसांनीं. त्यास पकडण्यांत नातवाचे तीन आठवडे गेले.

उपाय दोन ओळींचा : जेवढें वाचलें तेवढेंच पुसावें, आणि तें कामास निघण्यापूर्वीं. त्यानंतरच्या रविवारीं वहिनी सव्वा तास बोलल्या, आणि मुलगी वाळली म्हणून रागावल्या.

आम्हांस खरें कौतुक वाटलें तें पुढील रीतीचें. दुरुस्ती पाठवितांना कारण लिहावें लागतें. ती देण्याचा आपणांस अधिकार आहे, अशी स्वतःच्या नांवानिशीं ग्वाही देण्याचा प्रघात २००४ पासून आहे. तपासनिसानें विचारलें, ही चूक कोणत्या पूर्वीच्या फेरबदलानें शिरली? पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां पाठभेद व त्यांच्या पोथ्या पानाखालीं नोंदविल्या. शिस्त तीच. मात्र त्या पंडितांनीं भूर्जपत्रें आणि ताडपत्रें डोळे फोडून ताडून पाहिलीं. येथें कोणती ओळ कोणी केव्हां लिहिली, तें एका आज्ञेसरशीं कळतें. त्यांच्या वतीनें आम्हांस किंचित् मत्सर वाटला.

कारणाची भाषा अधिक स्पष्ट करा, म्हणून तपासनिसानें कागद एकदां परतही पाठविला. मास्तरकी केलेल्या माणसास याचा आनंद होणारच. आतां तो शुद्ध पाठ जुन्या आवृत्तींतही उतरविला जात आहे. त्यांपैकींच एकीवर शेजारच्या तात्यांचें यंत्र चालतें; भंगारांत द्या, असा सल्ला देणाऱ्यांत ते सर्वांच्या पुढें होते. नातवानें त्यांस अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं.