कानस हातात घेण्याआधी

अमेरिकेत अनेक राज्यांत हौशी माणूस सुटे भाग विकत आणून घरच्या टेबलावर एआर-15 रायफल जोडू शकतो. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय असं काही करणं हा सरळ गुन्हा आहे.) बरीचशी जोडणी बिनबोभाट उरकते. मग एखादी पिन भोकात अर्ध्यावर अडते आणि हात आपसूक कानशीकडे जातो.

मुरलेला जोडारी तिथे थांबतो. तीच पिन दुसऱ्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मुख्य सांगाड्यात, घालून बघतो, दुसरी पिन या भोकात. पिन सगळीकडे अडली तर ती जाड. या भोकात सगळ्याच पिना अडल्या तर भोक लहान. मग मायक्रोमीटर बाहेर येतो. कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिली आहे का, हेही बोट फिरवून पाहिलं जातं. पुष्कळदा भानगड तेवढीच असते.

भोक खरोखर लहान निघालं, तर संशय बहुधा अॅनोडायझिंगवर जातो. अॅल्युमिनियमवरचा हा कडक थर साधारण 50 मायक्रॉनचा. त्यातला अर्धा धातूत मुरतो, अर्धा वर चढतो. भोकाच्या समोरासमोरच्या भिंतींवर 25-25 मायक्रॉन चढले की व्यास 50 मायक्रॉनने घटतो. हे गणित आधी धरलं नसेल तर पिन अडणारच. कानस मारली तर हाच कडक थर निघून जातो, खालचं मऊ अॅल्युमिनियम उघडं पडतं आणि आज घट्ट बसणारी पिन पुढे खुळखुळू लागते.

कधी दोषी कुणीच नसतो. दस्ता रायफलीच्या मागच्या बफर नळीवर चढत नाही म्हणून लोक वैतागतात, आणि नळी मोजली की उलगडा होतो: लष्करी मापाची नळी 1.148 इंचाची, बाजारी मापाची 1.168 इंचाची. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. लष्करी मापाचा दस्ता बाजारी नळीवर जाणारच नाही. उलट केलं तर तो डगमगेल.

गंमत म्हणजे, कुठलाही भाग कुठेही बसावा हा हट्ट बंदुकांच्याच कारखान्यांनी धरला होता. एली व्हिटनीने 1798 मध्ये 10,000 मस्केटींचं कंत्राट घेतलं, 1801 मध्ये वॉशिंग्टन शहरात चाप-यंत्रणेचे भाग अदलाबदल करून दाखवले आणि वाहवा मिळवली. पुढे संशोधकांनी त्याच्या उरलेल्या मस्केटी तपासल्या, तर भाग एकमेकांत बसेनात; कानशीने एकेक जुळवलेले! ही अदलाबदल खऱ्या अर्थाने साधली हार्पर्स फेरीच्या शस्त्र-कारखान्यातल्या जॉन हॉलने, 1820 च्या दशकात. त्याची भिस्त कारागिराच्या नजरेवर नव्हती, गेजांवर, म्हणजे पक्क्या मापाच्या ठोकळ्यांवर होती.

गेजाशिवाय जिथे पानही हलू नये अशी जागा म्हणजे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं तो खांदा यांतलं अंतर. .223 रेमिंग्टन काडतुसासाठी ‘गो’ गेज 1.464 इंचाचा, ‘नो-गो’ 1.467 चा. फरक अवघा तीन हजारांश इंच. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दुसऱ्यावरही झाला, तर काडतुसाची पितळी पुंगळी फाटून तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाशी येण्याची भीती. इथे ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नये. अशा वेळी दुसरा बोल्ट लावून गेज पुन्हा घालतात. दोष गेला नाही, तर बॅरल मापांच्या चिठ्ठीसकट विक्रेत्याकडे परत जाते.